दुवा मागताना

डिसेंबर 2023. कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. बंदी 8 तारखेला, शुक्रवारी लागू झाली आणि नाशिककडून निघालेल्या गाड्या न्हावा शेवाच्या रस्त्यांवर जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. मी इथे एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात कागदपत्रं करतो. आमच्याही एका गिऱ्हाइकाचा माल अडकला होता, म्हणून दुपारभर गाड्यांच्या रांगेत फिरत होतो. असरची वेळ झाली तेव्हा एका चहाच्या टपरीमागे थोडी सपाट जागा दिसली, तिथेच नमाज पढायला थांबलो. समोर किब्ल्याच्या बाजूला बंदराच्या क्रेन, त्यांच्यामागे खाडी, जरा उजवीकडे घारापुरीचा डोंगर.

शेजारी एक ट्रेलरवाला आला. गाडीचा नंबर एमएच 41, म्हणजे मालेगाव. त्याने खोक्याचा पुठ्ठा अंथरला, मुसाफिराचा दोन रकातींचा असर पढला आणि हात वर केले. माझं सगळं तोवर उरकलं होतं. नमाज चार मिनिटं, दुवा वीस सेकंद. लहानपणी मक्तबमध्ये पाठ केलेली तीन अरबी वाक्यं म्हटली, तोंडावरून हात फिरवला, झालं. चप्पल घालत होतो तेव्हा त्याचं बोलणं कानावर पडलं. तो काही मोठ्याने बोलत नव्हता, पण दोन हातांवर बसलेल्या माणसाचं ऐकू येतंच.

त्याच्या मालेगावी हिंदीत तो सांगत होता. कांदा माझा नाही हे तुला ठाऊक आहे, पण भाडं माझं आहे. टायरवाल्याचे पैसे द्यायचेत. काल घरी फोनवर ओरडलो, ती माझी चूक. मालक फोन उचलत नाही. कंटेनरचा जनरेटर चालू ठेवू की बंद करू तेही कळत नाही, चालू ठेवला तर डिझेल जातंय, बंद केला तर माल जाईल. असं बरंच काही. शेवटी जे मागितलं ते अगदी थोडं. मग आमीन म्हणून उठला आणि चहा घ्यायला गेला.

मी तिथेच चप्पल हातात घेऊन उभा. पन्नाशी ओलांडली, पाच वक्ताचा नमाजी म्हणून नात्यात माझं नाव आहे आणि त्या वीस सेकंदांत मी अल्लाहला नेमकं काय सांगितलं, हे मला कुणी विचारलं असतं तर आठवून सांगावं लागलं असतं.

इथे येणाऱ्या सगळ्यांना आमच्याकडचे शब्द माहीत असतीलच असं नाही, म्हणून थोडं सांगतो. नमाज म्हणजे ठरलेला विधी. उभं राहणं, वाकणं, सजदा, आणि त्यात म्हणायचं तेही अरबीत ठरलेलं. दुवा म्हणजे आपण स्वतः जे मागतो ते. नमाजानंतर, चालताना, बसमध्ये, कधीही. त्याला ना वेळेचं बंधन, ना भाषेचं. मराठीत 'दुवा देणे' आहेच, म्हाताऱ्या माणसांना मदत केली की आपण दुवा घेतो. शिवाय साखळीच्या दोन कड्या जोडणाऱ्या कडीलाही मराठीत दुवाच म्हणतात आणि ब्लॉगवाली मंडळी तर लिंकला दुवा म्हणतात. हे शब्द एका मुळाचे नाहीत, पण माझ्या डोक्यात ते कधीचे एकमेकांत मिसळलेत. (माझ्या ब्लॉगवरचे निम्मे दुवे उघडत नाहीत अशी एका भाच्याची तक्रार आहे. त्याने तो प्रश्न कुठल्या अर्थाने विचारला होता कोण जाणे.)

तर सांगायचा मुद्दा असा. दुवा मनापासून होत नाही, नमाजात लक्ष लागत नाही, ही तक्रार मी आयुष्यभर ऐकत आलोय. त्यावरचे उपायही ऐकत आलोय. अमुक वजीफा चाळीस दिवस वाचा. तमुक आयत इतक्या वेळा. रडा, रडू येत नसेल तर रडण्यासारखा चेहरा करा. मला आता असं वाटतं की आपण उपाय चुकीच्या जागी शोधतो. दुवा खरा होतो तो आपला हाल खरा सांगितल्याने. मागणं त्यानंतर येतं, आणि ते येतं तेव्हा बरेचदा आधी ठरवलं होतं त्याहून वेगळं असतं.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. कुरआनात पैगंबरांचे जे दुवे आहेत ते एकदा मराठी किंवा उर्दू अर्थासह सलग वाचून बघा. हजरत अयूब अलैहिस्सलाम इतकी वर्षं आजारी, आणि त्यांचा दुवा काय? मला त्रास होतोय, आणि तू सगळ्यांत दयाळू आहेस. बस, इतकंच. बरं कर असंसुद्धा म्हणत नाहीत. हजरत यूनुस माशाच्या पोटातून हाक मारतात, त्यात बाहेर काढ हा शब्द नाही, चूक माझी होती एवढंच आहे. हे दोन्ही सूरह अंबियात जवळजवळ आहेत. सूरह मरयममध्ये हजरत झकरिया आधी आपलं म्हातारपण सांगतात, हाडं झिजली, डोकं पांढरं झालं, बायकोला मूल नाही, माझ्यामागे काय होईल याची भीती वाटते. आणि मग मूल मागतात. तेही हळू आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही असं.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो सूरह कससमधला हजरत मूसांचा. मिसरहून जीव घेऊन पळालेले, मदयनला पोचलेले. ना घर, ना काम, ना ओळख. विहिरीवर दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजून देतात, मोबदला न मागता, आणि सावलीत जाऊन बसतात. तिथे म्हणतात की तू जे काही भलं माझ्याकडे पाठवशील त्याची मला गरज आहे. नोकरी हवी, घर हवं, लग्न व्हावं, अशी यादी नाही. न्हावा शेवाला भर उन्हात ट्रेलरच्या सावलीत बसलेली माणसं मी रोज बघतो. तो दुवा मला कायम त्या सावलीतला वाटतो.

आता आई. तिला आम्ही आईच म्हणायचो, 'अम्मी' आमच्या मुलांच्या पिढीत आलं. ती कुरआन नाजरा शिकलेली, म्हणजे अरबी अक्षरं वाचता येत, अर्थ येत नसे. तिच्या पिढीतल्या कोकणी बायकांचं बहुतेक असंच. पण मगरीबनंतर मुसल्ल्यावर बसून ती अल्लाहशी कोकणीत बोलायची. "अल्ला, तुला ठाव हाय" अशी सुरुवात, आणि मग दिवसाचा सगळा हिशोब. मासळीवाली काय म्हणाली, बाबांचा खोकला, माझे गणितातले मार्क. एकदा तर तिने माझ्यादेखत सांगितलं होतं की जावेचा मला आज फार राग आला, आणि तो अजून गेला नाही. जाऊदे, राग काढून टाक असं नाही म्हणाली. गेला नाही, असं म्हणाली. मला तेव्हा हसू आलं होतं. अल्लाहला काय ही घरगुती भांडणं सांगायची!

आमचे एक चाचा हे वाचत असतील. ते म्हणणार की बाबा रे, पैगंबर साहेबांनी शिकवलेले अरबी दुवे असताना आपल्या तोडक्यामोडक्या भाषेत कशाला? त्यांच्या म्हणण्यात दम आहे, ते मी नाकारत नाही. ते दुवे थोडक्या शब्दांत फार मोठं मागतात. या जगातलं भलं दे आणि त्या जगातलंही भलं दे, हा कुरआनातला दुवा घ्या, यात राहिलं काय? आपण आपल्या मनाने मागायला गेलो तर फ्लॅटच्या मजल्यापर्यंत जाऊन थांबतो. आणि नमाजाच्या आतली भाषा अरबी, याबद्दलही वाद घालायचा नाही. इमाम अबू हनीफांनी एके काळी नमाजात फारसीत कुरआनपठण चालेल असं मत दिलं होतं. त्यांच्याच दोन मोठ्या शिष्यांनी ते ज्याला अरबी जमतच नाही त्याच्यापुरतं ठेवलं, आणि पुढच्या ग्रंथांत खुद्द इमामांनी ते मागे घेतल्याचं नोंदलेलं आहे. आम्ही कोकणी तर शाफई, आमच्याकडे ती सूट कधी नव्हतीच.

पण चाचा, आपल्याकडे फजरच्या दुसऱ्या रकातीत इमामसाहेब कुनूत म्हणतात आणि आपण मागे उभे राहून आमीन आमीन म्हणतो. कशाला आमीन म्हणतोय हे सफेतल्या किती जणांना माहीत असतं? मला स्वतःला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. सूरह निसामध्ये नशेत नमाजाजवळ जाऊ नका असं आहे, आणि त्याचं कारणही तिथेच दिलंय, की तुम्ही काय म्हणताय ते तुम्हाला कळलं पाहिजे. शुद्धीत असून न कळणं हे त्याहून बरं, असं आपण कशावरून धरून चाललो? अरबी दुवे जरूर म्हणावेत, अर्थ समजून म्हणावेत. आणि नंतर दोन मिनिटं आपल्या भाषेतही बसावं. ज्या भाषेत आपण बायकोशी भांडतो, ज्या भाषेत रात्री झोप न लागता विचार करतो, त्या भाषेत खोटं बोलणं जरा अवघड जातं.

रडण्याबद्दल आणि मोठ्या मजमाच्या दुव्याबद्दल जास्त लिहीत नाही. लाउडस्पीकरवर लांबलचक दुवा चालतो, लोक हुंदके देतात, त्यातले काही खरेच असतात. माझ्याच्याने ते होत नाही. सूरह आराफमध्ये आपल्या रबला नम्रपणे आणि गुपचूप हाक मारा असं सांगितलंय, मला तेवढं पुरतं.

इमाम गझालींनी (ते 1111 मध्ये गेले) 'इह्या'मध्ये नमाजात मन हजर ठेवण्यावर बरंच लिहिलंय. काही उपाय साधे आहेत. अंधाऱ्या खोलीत पढा, नजर सजद्याच्या जागेवर ठेवा, समोर लक्ष वेधणारं काही ठेवू नका. पण त्यांनी एक दृष्टान्त दिलाय तो मात्र साधा नाही. एक माणूस झाडाखाली विचार करत बसलाय आणि वरच्या चिमण्या गोंगाट करतायत. तो काठीने हाकलतो, त्या परत येतात, हा परत हाकलतो. त्याला सांगितलं जातं, असं कधी संपणार नाही, सुटका हवी असेल तर झाड तोड. झाड म्हणजे ज्या गोष्टीत आपला जीव अडकलाय ती.

माझं झाड कुठलं होतं ते आता लिहितो. नातेवाइकांना हे माहीत नाही. बायकोला माहीत आहे.

आयातीच्या कागदात 2011 पासून सेल्फ असेसमेंट आहे. मालाचं वर्णन, किंमत, लागणारी ड्युटी हे आयातदारानेच लिहून द्यायचं. कस्टम्स त्यातली काही निवडक बिलं तपासणार, बाकीचा माल तुमच्या शब्दावर सुटणार. मी तेव्हा इम्पोर्टच्या टेबलावर होतो. 2013 मध्ये एका आयातदाराचे कागद आले, ईमेलने. खाली त्यांची आपापसातली जुनी ईमेल चुकून तशीच राहिली होती आणि तिला दुसरं इन्व्हॉइस जोडलेलं होतं. माल तोच, तारीख तीच, किंमत जवळपास दुप्पट. मी दोन्ही पाहिली. साहेबांना दाखवली. साहेब म्हणाले, आपल्याला जे दिलंय ते भरायचं. मी भरलं. माल सुटला. ईदच्या आधी पाकीट आलं. पाकिटं सगळ्यांनाच येतात, दिवाळीला येतात, ईदला येतात, असं म्हणून मी ते घेतलं आणि मुलीच्या क्लासची फी भरली.

पुढच्या काही महिन्यांत नमाज एकही चुकला नाही. उलट वाढला. पहाटे उठून तहज्जुद सुरू केला, तसबीहचे आकडे वाढवले. बायको म्हणाली, तुम्हाला झालंय काय? मन लागत नव्हतं म्हणून मी आकडे वाढवत होतो. काठी जोरात फिरवत होतो.

2014 च्या सुरुवातीला आईला अर्धांग झाला आणि वाचा गेली. जी बाई रोज मगरीबला अर्धा अर्धा तास अल्लाहशी बोलायची तिचे नुसते ओठ हलत होते. हॉस्पिटलात रात्री मी जिन्याच्या मोकळ्या जागेत रुमाल अंथरला, नमाज पढला, हात वर केले आणि काही सुचेना. शिफाचा दुवा पाठ होता, तो तोंडातून येईना. आठवली ती 'सहीह मुस्लिम'मधली हदीस, जुम्म्याच्या बयानात शंभर वेळा ऐकलेली. एक माणूस, लांबच्या प्रवासाने थकलेला, केस विस्कटलेले, अंगावर धूळ, आभाळाकडे हात करून या रब, या रब म्हणतोय. आणि त्याचं खाणं हराम, पिणं हराम, कपडे हराम, तर त्याचा दुवा कबूल कसा व्हावा? आजवर ती हदीस ऐकताना मला दुसरेच लोक दिसायचे.

मग मी आईबद्दल बोललोच नाही. म्हटलं, पाकीट घेतलंय मी. दोन्ही इन्व्हॉइसं पाहिली होती. साहेबांनी सांगितलं हे खरं आहे, पण त्यांनी सांगितलं नसतं तरी मी भरलंच असतं, कारण मला भीती वाटत होती आणि पैसेही हवे होते. हे सगळं मराठीत, मध्ये मध्ये कोकणीत. त्यानंतर आईसाठी मागितलं. रडू आलं नाही. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी जे बोलत होतो आणि मी जो होतो ते एकच होते, एवढं मला बसल्या जागी कळलं.

आई अकराव्या दिवशी गेली.

हे मुद्दाम लिहितोय. खरा दुवा म्हणजे हमखास कबूल होणारा दुवा, असा हिशोब करणारी खूप पुस्तकं बाजारात आहेत. 'मुसनद अहमद'मध्ये हदीस आहे की दुवा तीनपैकी एका तऱ्हेने पावतो: मागितलेलं लवकर मिळतं, किंवा आखिरतसाठी साठवलं जातं, किंवा तितकंच एखादं संकट टळतं. माझं यातलं काय झालं ते मला सांगता येणार नाही आणि कुणी दुसऱ्याने ते छातीठोकपणे सांगू नये असं मला वाटतं. दफनानंतर एक जवळचे गृहस्थ म्हणाले, तुझ्या दुव्यात कमी राहिली असेल. चांगल्या मनाने म्हणाले असतील. मी त्यांना उत्तर दिलं नाही.

पाकिटात होती तेवढी रक्कम मी हॉस्पिटलच्या औषधाच्या दुकानात एका अनोळखी माणसाचं बिल भरून दिली. असा पैसा गरजूला द्यावा, पण त्याचं सवाब मिळेल असं मनात धरू नये, असं उलेमा सांगतात, तसं केलं. साहेबांना सांगून एक्सपोर्टच्या टेबलावर गेलो. कारण विचारलं तेव्हा डोळ्यांचा त्रास सांगितला, म्हणजे तिथेही थोडं खोटं आलंच. सरकारची जी ड्युटी बुडाली ती काही मी भरून दिली नाही आणि कुठे जाऊन सांगितलंही नाही. माझ्या हाताखाली दोन माणसं होती, घर होतं, हिंमत झाली नाही. ही कारणं मी अल्लाहला सांगून बघितली आहेत. सांगताना त्यातली निम्मी मलाच पटत नाहीत.

मालेगावच्या त्या माणसाचा कंटेनर दुसऱ्या दिवशी रांगेत दिसला नाही. परत नेला की सुटला, मला कळलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, मगरीब पढला आणि बऱ्याच दिवसांनी उठायची घाई केली नाही. आईचा मुसल्ला माझ्याकडेच आहे, एका कोपऱ्याला विरलाय. त्यावर बसून "तुला ठाव हाय" म्हणून सुरुवात केली. टायरवाल्याचे पैसे, त्या माणसाच्या घरचं भांडण, हे आधी सांगून घेतलं. मग माझं. 2013 चं ते वाक्य अजूनही येतं, दर वेळी नाही, पण येतं. त्याच्या पुढे काय म्हणायचं ते दहा वर्षांत ठरलेलं नाही, त्यामुळे तिथे आलं की मी थोडा वेळ नुसताच बसतो.

असो. इशाची वेळ झाली.